अकरा बत्त्या, दहा आवाज

बालाघाट, २४ एप्रिल १९६६

प्रेमलाल,

जयभीम. घ्यायचा असन तं घे, नाही तं तुह्या घरवालीले, कमलाले दे, ते घेईन.

आठ वर्षात तुले हे माहं पहिलं पत्र. माफी मांगाले लिहीत नाही, हे पहिलेच सांगून देतो, म्हणजे फाडाच्या आधी दोन ओळी तरी वाचशील. बातमी अशी आहे का मी नेपाळले चाललो. हासू नोको. घरच्या कवेलूच्या छपरावर चढाचं म्हटलं का तुह्या भावाले घाम सुटते, अन् तोच डोंगराच्या देशात चालला.

हे सारं दुलीचंद मास्तराचं काम. आमच्या वॉर्डातल्या शाळेत शिकवते, तुले आठवत असन, धोतर सोडून पायजमा घालणारा पहिला माणूस. आठ जणांची टोळी जमवली त्यानं. बुद्धपौर्णिमेले लुंबिनी, अन् तिथून पुढं पायी पायी वर, डोंगरातल्या गावांत. मास्तर म्हणे, "खेमराजभाऊ, आपल्याले बौद्ध होऊन दहा वर्षं बी पुरे झाले नाही. तिकडचे लोकं हजार वर्षापासून बौद्ध आहे. ते लग्न कसं लावते, मयत कशी करते, पोट्टं झालं का काय म्हणते, हे पाहून लिहून आणू." दोनशे पानाची वही घेतली त्यानं. अन् मले काहून नेते? सामान उचलाले. खदानीतला माणूस मजबूत राह्यते म्हणे. पायाचं त्यानं विचारलंच नाही.

मी नाहीच म्हणत होतो. पण तुही वहिनी दुर्गा म्हणे, जाऊन या, तुम्ही झोपेत बोंबलता, साऱ्या घराची झोप मोडते, डोंगरात बोंबला. डिसेंबरात माही नोकरी सरते. आपल्या पोराचं, तेजरामचं नाव माह्या जागी लागलं आहे, कागद वर गेला. पोट्टं तुह्याच वळणाचं आहे, कामाले पुढं, बोलाले मागं. तो कागद सही होऊन येईपर्यंत मले चूपचाप राहाचं आहे, एवढंच.

लोकं अजून बी विचारते, दोघं सख्खे भाऊ, त्याचं परसवाडा काय लंकेत आहे, काहून बोलत नाही? मी म्हणतो, चौकशीत ठरलं ते ठरलं. सारे सुरुंग फुटले, आता आत जा, अशी शिटी वाजाच्या आधी प्रेमलाल लोखंडी सब्बल घेऊन आत गेला, न फुटलेला सुरुंग फुटला, त्याचा उजवा हात गेला, डोळा गेला, वरून नोकरी गेली. मी ब्लास्टर, सुरुंगाले बत्ती देणारा. म्या पाह्यलं ते साहेबाले सांगितलं. भाऊ आहे म्हणून खोटं बोलाचं का? असं मी म्हणतो. लोकं मान हालवते अन् जाते.

परवा छोट्या लाइनच्या रेल्वेनं निघतो.

खेमराज


लुंबिनी, ६ मे

प्रेमलाल,

पोचलो. नैनपूर, जबलपूर, मंग अलाहाबाद, गोरखपूर, नौतनवा. रस्त्यात रुख्माबाईनं साऱ्या डब्याले बिड्या वाटल्या. ते मागच्या गल्लीतली, बिडी कारखान्यात बसणारी, साठ वर्षाची म्हातारी, तेच. तिचं पोरगं नोको म्हणत होतं, तं त्याले म्हणे, "मी मरून गेली तं बुद्धाच्या देशात मरीन, तुह्या पडवीत मराले काय ठेवलं आहे?"

लुंबिनी म्हणजे तुले वाटन मोठं गाव. काही नाही रे. मोकळं रान, आंब्याचे झाडं, एक जुना तलाव, एक दगडी खांब. मास्तर खांबापाशी गेला अन् पोट्ट्यासारखा रडला. मले बी भरून आलं. आपला बाप जनमभर आपल्याच गावच्या विहिरीवर चढला नाही, अन् त्याचा पोरगा इथी उभा राह्यला, कोणी हटकलं नाही. त्या वक्ती तू पाहिजे होता.

मंग साऱ्यांनी खाली बसून पंचशील म्हटलं. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, अन् माहा आवाजच बसला. ओठ हालते, आवाज नाही. रुख्माबाई बाजूले होती, तिचे कान मोठे तिखट. म्हणे, "काहून गा खेमराज, घशात माशी गेली का?" म्या म्हटलं, हौ. पाचवं मंग मोठ्यानं म्हटलं, दारूचं. ते मले सोपं जाते.

संध्याकाळी मास्तरानं उत्तरेकडे बोट दाखवलं. खाली धूळ, अन् धुळीच्या वर निळी रेघ. मी म्हटलं ढग आले. मास्तर म्हणे, ढग नाही, डोंगर. अन् हे पहिलेच डोंगर, लहानवाले. खरे डोंगर याच्या मांगं आहे, आठ दिवसाच्या वाटेवर. म्या मास्तराले सांगितलं, मी इथीच थांबतो, तुम्ही जाऊन या, मी सामान राखतो. मास्तर म्हणे, सामानच तं तुमच्या पाठीवर आहे.

उद्या निघतो. तुले कबूल करतो, मले भेव लागून राह्यलं. कोणाचं ते विचारू नोको.

खेमराज


पोखऱ्याच्या वर, १३ मे

प्रेमलाल,

जिवंत आहे. थोडाच.

सहा दिवस चाललो. काही जागी ट्रक भेटला, बाकी पाय. आपल्याकडे बैहरच्या घाटाले आपण घाट म्हणतो. ते काही नाही बाप्पा! इथी वाट म्हणजे डोंगराच्या पोटावर ओढलेली रेघ. एका अंगाले भिंत, दुसऱ्या अंगाले काहीच नाही. खाली नदी दिसते, तिचा आवाज मात्र वर येत नाही, एवढी खाली. मी भिंतीले खांदा घासत चालतो, सदऱ्याची उजवी बाही फाटून गेली. सोबत भार उचलाले एक इथचा माणूस घेतला, कर्णबहादूर. सव्वा मणाची डाली कपाळाच्या पट्ट्यावर टांगून वरून गाणं म्हणत जाते. हिंदी येते त्याले, दार्जिलिंगले चहाच्या मळ्यात होता. मले म्हणते, "दाजु, नीचे मत देखो." दाजु म्हणजे दादा. तो म्हणाच्या आधी मी खाली पाहात नव्हतो. त्यानं म्हटल्यावर पाह्यलं.

परवा साखळीचा पूल आला. लोखंडाच्या दोन साखळ्या, खाली फळ्या, मधातल्या तीन फळ्या गायब. रुख्माबाई तोंडात बिडी धरून गेली, तिकडून हाका माराले लागली. मी बसून गेलो. खरंच बसून, ढुंगण घासत, डोळे बंद करून. मधात पूल हालला तं मी "आई गं" असं बोंबललो का तिकडून बकऱ्या पळाल्या. मास्तरानं वहीत लिहिलं, मी पाह्यलं: "पुलावर एका सहप्रवाशास भीती वाटली." नाव नाही टाकलं, भला माणूस आहे.

पण खरी फजिती काल झाली. खिंड चढून वर गेलो. ढग उतरले होते, दहा पावलावरचं दिसत नव्हतं. एकदम वारा आला, ढग फाटला, अन् समोर लाल झेंडी. फडफडत. प्रेमलाल, तेवीस वर्षं ब्लास्टरचं काम केलं म्या. लाल झेंडी दिसली का अंग आपोआप चालते. म्या दोन्ही हात वर केले अन् बोंबललो, "बत्ती दिली! आड व्हा! आड व्हा!" आपल्या टोळीतले पाच जण खदानीतलेच. सारे धडाधड जमिनीवर. मास्तर पालथा, रुख्माबाई दगडामांगं, डोक्यावर गाठोडं. कर्णबहादूरनं डाली फेकून दिली, त्याले वाटलं वाघ आला.

काही फुटलं नाही. झालं असं का तिथचे लोकं खिंडीत दोरीवर झेंड्या बांधते. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी, वर अक्षरं छापलेले. वाऱ्यानं ते अक्षरं हालले का प्रार्थना झाली, असं मानते. मले पाचातली लालच दिसली.

अन् मंग समोरून एक म्हातारी आली, पाठीवर सरपणाचा भारा. तिनं पाह्यलं, सात-आठ परदेशी माणसं झेंड्यांसमोर साष्टांग पडले आहे. तिचं तोंड असं फुललं! तिनं भारा खाली ठेवला, हात जोडले, अन् ते बी आमच्या बाजूले पालथी झाली. उठली, पुन्हा झाली. तीनदा. आमच्यानं उठणं बी होईना. कर्णबहादूरशी काही बोलली. तो हासत हासत सांगते, "अम्मा कहती है, इतने भक्तिवाले बौद्ध मैंने देखे नहीं." तिनं साऱ्यांले आपल्या गावात नेलं. आता तिच्याच घरी बसून लिहून राह्यलो.

सारे हासून राह्यले अजून. मी बी हासलो. पण तुले सांगतो, जमिनीवर पडलो तवा म्या कान दाबले नव्हते. मी आवाज मोजाची वाट पाहात होतो.

खेमराज


त्याच गावात, १५ मे

प्रेमलाल,

इथी गावाच्या वर विहार आहे, हे लोकं गुंबा म्हणते. बाहेर दगडावर दगड रचून लांब भिंत, हरेक दगडावर अक्षरं कोरलेले. म्या बोटं फिरवून पाह्यलं. एका दगडाले चार दिवस लागत असन, छिन्नीचा एक घाव चुकीचा नाही. आपण तेवीस वर्षं दगड फोडलाच, कोरला कधी नाही. त्या भिंतीले उजव्या हाताले ठेवून जावं लागते. आम्ही उलटे गेलो तं पोट्टे धावत आले अन् हात धरून फिरवून आणलं.

लामा म्हातारा आहे, दात नाही. लोणी अन् मीठ घातलेला चहा देते. तोंडात घेतला तं मास्तराचे डोळे मोठे झाले, पण गिळला, संशोधन आहे म्हणे. रात्री म्हातारीनं कोदोच्या दाण्याची दारू समोर ठेवली. आपण तं शपथ घेतलेली. नोको म्हटलं तं तिचं तोंड उतरलं. पाहुणा बौद्ध, अन् आमच्या घरचं घेत नाही? मास्तर समजावून थकला. शेवटी रुख्माबाईनं तो गडवा उचलला, कपाळाले लावला अन् म्हातारीच्याच हातात दिला, "माय, आमच्या वाट्याचं तू घे." म्हातारी खुश झाली, आमच्या साऱ्यांच्या वाट्याचं प्याली.

लामानं विचारलं, तुम्ही कधीपासून बौद्ध? मास्तर म्हणे, दहा वर्षं. लामाले वाटलं कर्णबहादूर चुकीचं सांगून राह्यला. पुन्हा विचारलं. मंग रुख्माबाई मधातच बोलली, "तुम्ही जन्मून झाले, आम्ही समजून झालो. आमची वही नवी आहे, पण पहिल्या पानापासून आमचीच आहे." मास्तरानं हे बी लिहून घेतलं.

इथी लोण्याचे दिवे लावते, मेलेल्या माणसाच्या नावानं. लामा मले म्हणे, कोणाचं नाव आहे का? म्या विचारलं, माणूस जिवंत आहे, निस्ता हात गेला, तं हाताच्या नावानं लागते का? कर्णबहादूरनं ते लामाले सांगितलं का नाही, माहीत नाही. मास्तर माह्याकडे असा पाहाले लागला. म्हणे, "खेमराजभाऊ, दिवेबिवे आपण सोडले." बरोबर आहे त्याचं. म्या लावला नाही. अन् दिव्यानं माहं काही होणार बी नव्हतं.

बाहेर येऊन बसलो. समोर बरफाचा डोंगर, उन्हात असा पांढरा का डोळे दुखते. इथी कोणी मले ओळखत नाही. इथून आपली खदान किती कोस असन? म्हणून लिहितो.

त्या दिवशी म्या अकरा बत्त्या दिल्या होत्या. आवाज दहा आले.

चौकशीत म्या अकरा सांगितले. दहा होते. म्या चांगले मोजले होते.

आता यापुढं लिहिवत नाही. मास्तर बोलावून राह्यला.

खेमराज


उतरणीच्या वाटेवर, २२ मे

प्रेमलाल,

मागचं पत्र टाकू का नोको म्हणून सात दिवस खिशात होतं. आज दोन्ही सोबत टाकतो. आज जे झालं ते आजच लिहितो, उद्या माहा भरोसा नाही.

येताना आम्ही खालची वाट धरली. तिथी नवा रस्ता बनून राह्यला, डोंगर कापून. सकाळी दहाच्या सुमारास वाटेवर दोरी बांधून लोकांले अडवलं होतं. खच्चरं, भारवाले, लेकराच्या बाया, चाळीस-पन्नास माणूस. पुढं सुरुंग होते. वास आला सुरुंगाच्या दारूचा. तिथचा मेट, म्हणजे मुकादम, आपल्या इकडचा होता, बिहारी. म्या विचारलं, कितने? म्हणे, आठ.

बत्ती दिली. मी दगडाले पाठ लावून बसलो. एक. दोन. तीन. जरा थांबून चार, पाच. सहा. सात.

मी थांबलो. डोंगरात आवाज फिरत राह्यते, म्हणून आणखी थांबलो. आठवा नाही.

मेटानं शिटी तोंडाले लावली. भारवाले डाल्या उचलाले लागले. प्रेमलाल, मी कवा उठलो मले माहीत नाही. म्या त्याच्या तोंडातली शिटी ओढून घेतली. म्हटलं, "सात हुआ! सात! आठ नहीं हुआ!" तो म्हणे, "छोड बे बुड्ढे, दो साथ में गया होगा."

दोन सोबत गेले असन. हेच, बरोबर हेच त्या दिवशी म्या माह्या मनाले सांगितलं होतं.

मी वाटेवर आडवा हात करून उभा राह्यलो. ज्या वाटेच्या कडेनं मी भिंत धरून चालत होतो, तिथी मधात, भिंत सोडून. अर्धा तास कोणी जाणार नाही म्हटलं. लोकांनी शिव्या दिल्या, नेपाळीत दिल्या, हिंदीत दिल्या. एका खच्चरवाल्यानं ढकललं. मास्तर हळूच म्हणे, "खेमराजभाऊ, पुन्हा लाल झेंडी तं नाही ना?" सारे हासले. खिंडीतली गोष्ट कर्णबहादूरनं साऱ्या वाटेवर पसरवली होती. त्याले काय म्हणू? म्या म्हटलं, हासा, पण बसून हासा.

अर्धा तास झाल्यावर मेट म्हणे, इतना मालूम है तो चल, तू ही देख.

मी गेलो. दीडशे पावलं होते, मोजले. दगड गरम होते. छातीत असं ठोकत होतं का मले वाटलं त्याच आवाजानं फुटन. पायजमा ओला झाला, लपवत नाही. एकेक सुरुंग पाह्यला. आठ जागा. आठही फुटल्या होत्या. तिसरा अन् चौथा सोबत गेले होते, एकच खड्डा पडला होता. तिथी काहीच नव्हतं.

परत आलो तं मेट हासत होता. लोकं मले ओलांडून, शिव्या देत निघून गेले. मी त्याच दगडापाशी बसलो अन् रडाले लागलो. थांबेचना. रुख्माबाई बाजूले बसली, बिडी पेटवून माह्या तोंडात दिली.

दीडशे पावलं जाणं अन् दीडशे येणं. एक कप चहा पिऊन होते तेवढा वक्त. एवढंच होतं ते.

त्या दिवशी दीडशे बी नव्हते. साठ होते. कायदा असा का ब्लास्टरनं पहिले एकट्यानं जाऊन पाहाचं, मंग दुसऱ्यांले सोडाचं. अकरावा सुरुंग कुठी तरी बसून आहे हे मले माहीत होतं. पाणी पडून राह्यलं होतं, सारे टिनाखाली होते. मले भेव लागलं. चूक झाली नाही, प्रेमलाल. मी विसरलो नाही, मोजणं चुकलं नाही. मी भेलो अन् गेलो नाही. अन् तू गेला.

शिटीचं अजून लिहिलं नाही, हे मले समजते. पेन पुढं सरकत नाही. घरी जाऊन लिहितो.

खेमराज


बालाघाट, ३ जून

प्रेमलाल,

अठ्ठावीसले पोचलो. एकोणतीस रविवार. सोमवारी खदानीच्या हापिसात गेलो.

दुर्गाले आदल्या रात्री सांगितलं होतं. ते म्हणे, डोंगरात हवा लागली तुम्हाले. मंग समजलं का मी खरंच जातो, तं पाया पडली. "डिसेंबरपर्यंत थांबा, तेजरामचा कागद येऊ द्या, मंग जे सांगाचं ते सांगा." सहाच महिने, प्रेमलाल. आठ वर्षं काढले, सहा महिने काढले असते. पण डिसेंबरात मी भेलो नसतो याची हमी कोण देते? मले माहा सोभाव माहीत आहे. डोंगरातलं अवसान इथी आठ दिवस बी टिकत नाही. हापिसाच्या पायऱ्या चढताना मी कठड्याले धरून होतो, त्या पुलावर होतो तसाच.

साहेब नवा आहे. त्यानं माहा लिहून नेलेला कागद वाचला, चष्मा काढला, म्हणे, "आठ साल पुरानी फाइल है, बंद हो गयी. इससे किसका भला होगा? ले जाओ." म्या कागद घेतला नाही. टेबलावर ठेवून आलो. परवा माहं ब्लास्टरचं सर्टिफिकेट जमा करून घेतलं. तेजरामचं नाव यादीतून काढलं. तो तिरोडीले काम पाहाले गेला, मले सांगून गेला नाही. दुर्गा ताट वाढते, बोलत नाही. मास्तर तेवढा येऊन बसते, वही वाचून दाखवते, अन् माह्याकडे पाहात नाही. तुह्या घरी आठ वर्षं कसं असन, ते आता चार दिवसापासून जरा जरा समजून राह्यलं.

हापिसात काय लिहून दिलं, ते तुले आता सांगतो. पण त्याच्या आधी दोन गोष्टी.

एक. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू शुद्धीवर आलता. डोक्याले पट्ट्या, कानात कापूस. तू मले पहिलं हे विचारलं नाही का हात कुठी आहे. तू विचारलं, "दादा, शिटी वाजली होती ना? माह्या कानात आलती." साहेबाचा माणूस दारात उभा होता. म्या म्हटलं, "नाही रे, वाजली नाही. तुले भास झाला." तू डाव्या हातानं कानातला कापूस चाचपला. मंग म्हटलं, "असन मंग." चौकशीत तू एकदा म्हटलं शिटी ऐकू आली, तं त्यांनी लिहिलं, याचे कान फुटलेले आहे, याचा भरोसा नाही. टिनाखालचे सारे म्हणे, पावसात आम्हाले काही ऐकू आलं नाही. त्यांले बी आपापलं पोट होतं. माह्याएवढं पाप त्यांचं नाही.

दोन. मागच्या वर्षाच्या आधीच्या वर्षी मी परसवाड्याच्या बाजारात आलतो. तुले माहीत नाही. कपड्याच्या दुकानाच्या मांगं उभा होतो. तू कांद्याची टोपली डोक्यावर घेऊन चालला होता, कमला सोबत होती. मांगून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. तू सरकला नाही. तू थांबून कमलाले विचारलं, "घंटी वाजली का, का मलेच ऐकू आली?" ते म्हणे, "वाजली." तवा तू बाजूले झाला.

मी तसाच वापस आलो. बसमधी लोकं विचारत होते, काका, तब्येत बरी नाही का. त्या दिवसापासून मी झोपेत बोंबलतो. हात गेला, ते म्या पाह्यलं होतं. माणसाचे कान बी म्या घेऊन गेलो, हे मले तवा समजलं.

येत्या मंगळवारी परसवाड्याच्या बाजाराले येतो. हे सारं तोंडानं सांगाचं आहे, चार लोकांत, जिथी तू बसते तिथी उभं राहून. मारशील तं मार, थुंकशील तं थुंक. मले भेव लागून राह्यलं, आतापासूनच लागून राह्यलं, अन् भेव लागलं का मी काय करतो ते तुले माहीत आहे. म्हणून हे पत्र आधी पाठवतो. मंगळवारी मी नाही आलो, तं यातलं तरी तुह्यापाशी राहीन.

तुले वाचता येते, पण खालची ओळ तू वाचू नोको. कमला, हे तू वाच, त्याच्या चांगल्या कानापाशी तोंड नेऊन, मोठ्यानं:

शिटी वाजली होती. म्या वाजवलती. तुले बरोबर ऐकू आलती.

खेमराज